मुरलेला की होतकरू? कॉलेज फुटबॉलचा कोऑर्डिनेटर निवडताना काय तोलतात

जानेवारीतली गोष्ट. अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "मामा, आमचा कोऑर्डिनेटर गेला." मी आपलं रीतसर म्हटलं, "अरेरे, वय काय होतं?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "मामा, वारला नाही. दुसऱ्या टीमकडे गेला."

आता यात माझी काय चूक? आपल्याकडे कोऑर्डिनेटर म्हणजे क्लासच्या ग्रुपवर 'उद्याचं लेक्चर साडेआठला' असं टाकणारी व्यक्ती. ती नोकरी सोडून गेली म्हणून कुणी सातासमुद्रापलीकडून मामाला फोन लावत नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र हे नाव लावणाऱ्या माणसाला बड्या विद्यापीठात वर्षाला वीस-तीस लाख डॉलर मिळू शकतात. तो गेला की गावावर सुतकी कळा येते आणि त्याच्या जागी कोण, यावरून घराघरात तट पडतात. दर डिसेंबर-जानेवारीत हे चालतं आणि भांडणही दरवर्षी तेच असतं: पंचवीस वर्षं मुरलेला माणूस आणायचा, की तिशीतला हुशार पोरगा?

भाच्यानं मला विचारलं, कारण मी तीस वर्षं कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माणसं नेमण्यात घालवली. फुटबॉलमधलं तेव्हा मला काही कळत नव्हतं. मग हिवाळाभर वाचलं, सामने पाहिले. त्यातून जे उमगलं ते इथे मांडतो.

## आधी हे पद काय आहे ते

हा फुटबॉल पायानं खेळायचा नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा खेळ. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. ज्याच्याकडे चेंडू, त्यानं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. क्रिकेट पाहणाऱ्याला एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. इथेही प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, नवी मांडणी होते आणि मग पुढचा चेंडू टाकल्यासारखा पुढचा प्रयत्न सुरू होतो. या आखलेल्या प्रयत्नाला आपण 'चाल' म्हणू. एका सामन्यात एका संघाच्या साधारण साठ-सत्तर चाली होतात.

फरक असा की क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण कप्तान लावतो. इथे मैदानावरची प्रत्येक चाल बाहेरून येते. शिवाय आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. त्यामुळे चाली ठरवणारेही दोघे लागतात. एक आक्रमणाचा कोऑर्डिनेटर, एक बचावाचा. दोघांच्या डोक्यावर हेड कोच. लग्नघराचं उदाहरण घ्या. हेड कोच म्हणजे यजमान: पाहुणे, देणग्या, मानपान, पत्रकार सगळं त्याच्याकडे. कोऑर्डिनेटर म्हणजे आचारी. पंगत उठल्यावर नाव यजमानाचं होतं, पण आमटी खारट झाली की सगळे आचाऱ्याला शोधतात.

## चाळीस सेकंद

एक चाल संपली की पुढची सुरू करायला घड्याळात ४० सेकंद असतात. २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांना मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायची परवानगी आहे, पण घड्याळ १५ सेकंदांवर आलं की तो बंद पडतो. म्हणजे कोऑर्डिनेटरच्या हातात फार तर पंचवीस सेकंद. त्यातले काही तर मागच्या चालीत कोण कुठे पडला हे बघण्यातच जातात.

त्याच्या हातात एक लॅमिनेट केलेला मोठा कागद असतो. जुन्या उडप्याच्या मेन्यूकार्डासारखा, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेला, चौकटीचौकटींना रंग मारलेला. तिसरा प्रयत्न आणि सात यार्ड बाकी असतील तर ही चौकट, गोलरेषा जवळ असेल तर ती. आठवडाभर समोरच्या संघाचे व्हिडिओ पाहून हा कागद तयार होतो. पण कागदावरच्या दहा चालींतली आत्ता कुठली, हे कागद सांगत नाही. समोरच्यानं दोन खेळाडू बदललेत, आपला डावीकडचा धिप्पाड गडी दमलाय, मघाशी जी चाल फसली तीच पुन्हा केली तर ते फसतील का? हे सगळं वीसेक सेकंदांत, लाखभर लोकांच्या आरडाओरड्यात.

आणि हे झालं फक्त शनिवारचं काम. उरलेले दिवस तो अठरा-वीस वर्षांच्या पोरांना शिकवतो, हाताखालच्या प्रशिक्षकांना कामाला लावतो आणि सतरा वर्षांच्या खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांच्या आईसमोर बसून 'आमच्याकडेच पाठवा' म्हणून गळ घालतो. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं, त्यामुळे कोऑर्डिनेटर गेला की त्याच्या पाठोपाठ पोरंही जाऊ शकतात. भाच्याचा आवाज उतरला होता तो काही उगाच नाही.

## अनुभव आहे, पण कशाचा?

आमच्या कारखान्यात एक टर्नर होते. लेथवर पंचवीस वर्षं काढलेली. जॉबवरून बोट फिरवून सांगायचे, अजून दोन शतांश मिलिमीटर घ्यायला हवं, आणि मोजलं की तेवढंच निघायचं. मग सीएनसी मशीन आलं. त्यांना त्याच्यावर बसवलं तर पहिले सहा महिने ते प्रत्येक जॉबला मशीन थांबवून हात लावून बघायचे. काम चोख, पण दिवसाला निम्मेच जॉब. त्यांचं कसब कुठे गेलं नव्हतं, फक्त त्या मशीनला त्याची भाषा येत नव्हती.

कोऑर्डिनेटरच्या बायोडेटामध्ये 'पंचवीस वर्षं' लिहिलेलं असतं, तेव्हा ती कशाची पंचवीस वर्षं हे बघावं लागतं. स्वतः चाली ठरवल्या, की दुसऱ्यानं ठरवलेल्या शिकवल्या? बड्या संघात, की खालच्या श्रेणीत? आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या प्रकारचा खेळ आज समोर येतो त्याविरुद्ध, की पंधरा वर्षांपूर्वीच्या खेळाविरुद्ध?

'होतकरू' या शब्दाचंही तेच. होतकरू म्हणजे ज्यानं अजून काही करून दाखवलेलं नाही असा माणूस, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो जुगार झाला. पण एखाद्यानं चार वर्षं उत्तम वस्तादाच्या हाताखाली रोज तीच चाल घोटलेली असेल आणि फक्त कोऑर्डिनेटरची पाटी त्याच्या दारावर नसेल, तर त्याच्याकडे अनुभव आहेच. तो कागदावर दिसत नाही एवढंच.

हे सगळं एकाच ठिकाणी लख्ख दिसतं ते लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज गावात.

## एकच कॉलेज, पाच वर्षं

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, सगळे तिला एलएसयू म्हणतात. तिच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. २०१६ च्या हंगामात तिथे एड ओर्जरॉन हेड कोच झाले. लुइझियानाच्याच दलदली मुलखातला, घोगऱ्या आवाजाचा रांगडा माणूस. हयात बचावाच्या पुढच्या फळीला शिकवण्यात गेलेली. आक्रमण हा त्यांचा प्रांत नव्हता, म्हणून आक्रमणाचा कोऑर्डिनेटर कोण, हा त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न.

२०१७ साठी त्यांनी मॅट कॅनडा यांना आणलं. नाव झालेला, अनुभवी माणूस. आदल्याच वर्षी त्यांच्या पिट्सबर्ग संघानं, पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या क्लेमसनला ४३-४२ असं हरवलं होतं. चाल सुरू होण्याआधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवून समोरच्याला गोंधळात टाकणं ही कॅनडांची खासियत. दोघांचं जमलं नाही. घरच्या मैदानावर ट्रॉयसारख्या छोट्या कॉलेजकडून हार झाली आणि हंगाम संपताच कॅनडा गेले. करार मोडल्याबद्दल त्यांना १७ लाख डॉलर द्यावे लागले. अनुभव होता, योजना होती. यजमानाला ती चव नको होती.

त्यानंतर ओर्जरॉन यांनी कोऑर्डिनेटर केलं स्टीव्ह एन्समिंगर यांना. साठीला टेकलेले, १९७० च्या दशकात एलएसयूसाठीच क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू. एन्समिंगर म्हणजे घरचे काका. चाहते फार खूश नव्हते. २०१८ मध्ये संघानं दहा सामने जिंकले, पण आक्रमण जुन्या वळणाचंच राहिलं.

जानेवारी २०१९ मध्ये ओर्जरॉन यांनी जो ब्रेडी या २९ वर्षांच्या पोराला आणलं. तो न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात कनिष्ठ सहायक होता. याआधी कोऑर्डिनेटर कधी झालेला नाही. त्याला पद दिलं 'पासिंग गेम कोऑर्डिनेटर', म्हणजे हवेतून चेंडू फेकण्याच्या चालींपुरता. इथे थांबून नीट बघा, कारण पुढे ही गोष्ट सांगताना बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. एन्समिंगर यांना काढलं नाही. मुख्य कोऑर्डिनेटर तेच. काका वर काचेच्या खोलीत बसून सामना चालवणार, आणि पोरगा सेंट्सकडून शिकून आलेल्या चाली, एकाच वेळी पाच-पाच जणांना चेंडू झेलायला पळवायच्या, घेऊन त्यांच्या शेजारी.

पुढचं स्वप्नासारखं आहे. सामन्यामागे ३२ गुण करणारा संघ ४८ करू लागला. क्वार्टरबॅक जो बरो यानं आदल्या वर्षी १६ वेळा पासवर गोल करून दिले होते, त्या वर्षी ६०. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनला ४२-२५ हरवून एलएसयू राष्ट्रीय विजेता झाला. देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडीला मिळाला. एन्समिंगर यांच्याबद्दल एकच प्रसंग सांगतो. २८ डिसेंबर २०१९, ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामना. त्या सकाळी त्यांची सून विमान अपघातात गेली. ती त्याच सामन्याला येत होती. ही बातमी कळल्यावर ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि आक्रमण चालवलं. पहिल्या अर्ध्या वेळेत बरोनं सात गोल करून दिले. संघ ६३-२८ नं जिंकला.

त्या विजेतेपदानंतर काही दिवसांतच ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाचा कोऑर्डिनेटर होऊन निघून गेला. बचावाचे कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठात हेड कोच झाले. आता बचावासाठी ओर्जरॉन यांनी मुरलेला माणूस निवडला: बो पेलिनी. एलएसयूचेच जुने कोऑर्डिनेटर, २००७ च्या विजेतेपदात त्यांचा बचाव होता. मधल्या काळात नेब्रास्काचे सात वर्षं हेड कोच, नंतर पाच वर्षं खालच्या श्रेणीत यंग्सटाउन स्टेटला. पगार वर्षाला २३ लाख डॉलर, तीन वर्षांचा करार. याहून सुरक्षित निवड कागदावर शोधून सापडली नसती.

२६ सप्टेंबर २०२०, पहिलाच सामना, मिसिसिपी स्टेटविरुद्ध. मिसिसिपी स्टेटचे कोच माइक लीच. त्यांचा खेळ एकच: फेका, पुन्हा फेका, अजून फेका. पेलिनींनी माणसामागे माणूस लावला, म्हणजे झेलणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला एक बचाव खेळाडू. लीच यांचे खेळाडू एकमेकांना आडवे छेदत पळत राहिले आणि पाठलाग करणारे मागे पडत राहिले. त्यांच्या क्वार्टरबॅकनं त्या दिवशी ६२३ यार्ड फेकले, दक्षिणेतल्या त्या अख्ख्या लीगचा विक्रम. गतविजेते घरी ४४-३४ हरले. हंगाम पाच विजय, पाच पराजय असा संपला. पेलिनींना डिसेंबरमध्ये निरोप, सोबत सुमारे ४० लाख डॉलर.

म्हणजे अनुभव वाया? थांबा. पुढच्याच शनिवारी त्याच मिसिसिपी स्टेटसमोर अर्कान्सॉ आलं. त्यांच्या बचावाचे कोऑर्डिनेटर बॅरी ओडम. तेही मुरलेलेच, मिझुरीचे माजी हेड कोच. त्यांनी आठ जणांना मागे नेलं आणि माणसामागे न लावता जागा वाटून दिल्या: तुझा हा कोपरा, तुझा तो. फेकणाऱ्याला भरपूर वेळ मिळाला, पण फेकायला मोकळी जागा दिसेना. अर्कान्सॉ २१-१४ नं जिंकलं. त्यांच्यावर गेल्या आठवड्याचा व्हिडिओ पाहण्याची कृपा झाली होती हे खरं, तरी कोऑर्डिनेटर दोघंही अनुभवीच होते. एकाला हे नवं मशीन चालवता आलं, दुसरा हात लावून बघत राहिला.

२०२१ साठी ओर्जरॉन यांनी जे केलं ते मला सगळ्यात ओळखीचं वाटलं, कारण मी स्वतः हे केलेलं आहे. एक माणूस चांगला निघाला की आपण त्याच्याच गावातून, त्याच्याच कॉलेजमधून दुसरा उचलतो. त्यांनी पँथर्समध्ये ब्रेडीच्या हाताखाली काम केलेले जेक पीट्झ आक्रमणासाठी आणले. बचावासाठीही व्यावसायिक फुटबॉलमधून डॅरॉन्टे जोन्स. दोघंही होतकरू. पण या खेपेला शेजारच्या खुर्चीत काका नव्हते. एन्समिंगर कोऑर्डिनेटरच्या पदावरून बाजूला झाले होते. ऑक्टोबरमध्येच जाहीर झालं की हंगामाअखेर ओर्जरॉन जाणार. त्यांना द्यायचे होते सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. विजेतेपदानंतर पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

## "पण खेळाडूच गेले होते ना?"

भाच्याचा हा आक्षेप, आणि तो रास्त आहे. २०२० मध्ये व्यावसायिक संघांनी कॉलेजांतून खेळाडू निवडले, त्यात एलएसयूचे १४ गेले. करोनामुळे वसंत ऋतूतला सराव जवळपास झालाच नाही आणि जॅमार चेससारख्या, बरोचा चेंडू झेलणाऱ्या खेळाडूनं त्या वर्षी न खेळण्याचा निर्णय घेतला. नव्या कोऑर्डिनेटरला नवी पद्धत शिकवायला वेळच मिळाला नाही. तसंच २०१९ मध्ये बरो आणि चेस नसते तर ब्रेडीचं नाव कुणाला कळलं असतं का? आचाऱ्याचं कौतुक करताना त्या दिवशी तूप किती होतं हेही विचारावं.

म्हणूनच आधीच्या संघाचे आकडे बघून कोऑर्डिनेटर निवडणं फसवं असतं. शहाणे हेड कोच मुलाखतीत उमेदवाराला फळ्यापाशी उभं करतात. तिसरा प्रयत्न, सात यार्ड, दोन गुणांनी मागे: काय खेळशील? त्यानं चाल काढून दाखवली की पुढचा प्रश्न: माझ्याकडे हा धिप्पाड गडी नाही, आता? बायोडेटात जे लपतं ते या दुसऱ्या प्रश्नाला बाहेर येतं. पाठ केलेला माणूस तिथे अडतो. ज्याला समजलेलं असतं तो पुसून नवं काढतो.

## होतकरू माणूस टिकतो का?

पुण्यातल्या आयटीवाल्यांना हा प्रश्न सांगायला नको. पोरगा तयार करायचा आणि नोटीस पिरियडचा मेल आपण वाचायचा. ब्रेडी एका वर्षात गेला. मिशिगनमध्येही तेच झालं, पण त्यांनी त्यावर उपाय काढला म्हणून ती गोष्ट वेगळी.

मिशिगनच्या बचावाचे कोऑर्डिनेटर होते डॉन ब्राउन, पासष्टीतले, दीर्घ अनुभवाचे. पण ओहायो स्टेट या सनातन वैऱ्यानं २०१८ मध्ये ६२ आणि २०१९ मध्ये ५६ गुण करून त्यांच्या बचावाची धूळधाण केली. २०२० मध्ये संघ दोन विजय, चार पराजय. हेड कोच जिम हार्बॉ यांनी जानेवारी २०२१ मध्ये ३३ वर्षांचे माइक मॅकडॉनल्ड आणले. कोऑर्डिनेटर म्हणून पहिलीच नोकरी. आले कुठून, तर बाल्टिमोर रेव्हन्स संघातून, जिथे जिम यांचे सख्खे भाऊ जॉन हेड कोच होते. त्या मोसमात मिशिगननं ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, २०११ नंतर प्रथमच, आणि २००४ नंतर पहिल्यांदा आपली लीग जिंकली. वर्षभरात मॅकडॉनल्ड परत बाल्टिमोरला, कोऑर्डिनेटर म्हणून.

हार्बॉ मग कुणाकडे गेले? जेसी मिंटर यांच्याकडे, जे मॅकडॉनल्ड यांच्याबरोबरच रेव्हन्समध्ये काम करून आले होते. तीच पद्धत, तेच शब्द, खेळाडूंना पुन्हा अआइई शिकायला नको. २०२३ च्या हंगामात मिशिगन पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. एलएसयूनंही एका होतकरू माणसाच्या ओळखीतला दुसरा आणला होता, मिशिगननंही तेच केलं. पण मिशिगनमध्ये खेळाडूंच्या तोंडी ती पद्धत वर्षभर घोळलेली होती, आणि मिंटर स्वतः मधलं एक वर्ष व्हँडरबिल्ट विद्यापीठात कोऑर्डिनेटर म्हणून घालवून आले होते.

## पडलेल्या हेड कोचांचा बाजार

अनुभव स्वस्तात मिळवायची एक युक्ती अलाबामाच्या निक सेबन यांनी फार वापरली. हेड कोच म्हणून हकालपट्टी झालेले लोक आणायचे. लेन किफिन आणि स्टीव्ह सार्कीझियन, दोघांनाही दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानं काढलं होतं. किफिन २०१४ पासून तीन मोसम सेबन यांच्याकडे कोऑर्डिनेटर होते. सार्कीझियन आधी नुसते विश्लेषक म्हणून आले, मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊन परतले आणि २०२० मध्ये त्यांच्या आक्रमणानं तेरापैकी तेरा सामने जिंकून दिले. यजमान म्हणून फसलेला माणूस आचारी म्हणून उत्तम असू शकतो. त्याला आता पाहुण्यांचे मानपान बघायचे नसतात.

उलटंही चालतं. नोत्र दामचे मार्कस फ्रीमन ३५ व्या वर्षी पहिल्यांदाच हेड कोच झाले, तेव्हा त्यांनी बचावासाठी अल गोल्डन यांना घेतलं. टेंपल आणि मायामी अशा दोन विद्यापीठांचे माजी हेड कोच. फ्रीमन स्वतः बचावातलेच असूनही. जानेवारी २०२५ मध्ये तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. हरला, पण पोचला.

## मग आकडाच लिहून घ्या की!

हा प्रयोग आयोवामध्ये झालाय. तिथले हेड कोच कर्क फेरेंट्झ १९९९ पासून पदावर, आणि तेव्हा आक्रमणाचे कोऑर्डिनेटर होते त्यांचे चिरंजीव ब्रायन. (वशिला हा शब्द तिथेही लागतोच, नियमामुळे मुलाचा वरिष्ठ म्हणून वडिलांऐवजी क्रीडा संचालकांचं नाव होतं.) २०२२ मध्ये संघाचे सामन्यामागे १८ गुणही होईनात. मग करारात लिहिलं: पगार कमी करून साडेआठ लाख डॉलर, आणि २०२३ मध्ये सामन्यामागे सरासरी २५ गुण व किमान सात विजय. बचावानं केलेले गुणही यात धरायचे.

झालं असं की संघ दहा सामने जिंकला, पण सरासरी निघाली १५.४. आक्रमण इतकं अडखळायचं की चौथ्या प्रयत्नाला लाथ मारून चेंडू लांब उडवणाऱ्या त्यांच्या खेळाडूनं एका हंगामात सगळ्यात जास्त यार्ड उडवण्याचा राष्ट्रीय विक्रम केला. ऑक्टोबरअखेरच जाहीर झालं की ब्रायन पुढच्या वर्षी नसतील. नंतर आले टिम लेस्टर, वेस्टर्न मिशिगनचे माजी हेड कोच. २०२४ मध्ये संघानं २५ चा आकडा ओलांडला. तरीही हा करार मला पटलेला नाही. टर्नरला दिवसाचे जॉब ठरवून दिले की तो तेवढे काढतो, आणि अवघड जॉब बाजूला सारतो. शिवाय चांगला बचाव असलेल्या संघाला दर सामन्यात २५ गुण लागतातच कशाला?

## भाच्याला काय सांगितलं

म्हटलं, तुमच्या हेड कोचला स्वतःला काय येत नाही ते आधी बघ. बचाव त्याच्या हातचा असेल तर तिथे होतकरू पोरगा चालेल, कारण पंधराव्या सेकंदाला गडबडला तर सावरायला वर कुणी आहे. तोच जर आक्रमणाचा माणूस असेल आणि बचावाकडे ढुंकून बघत नसेल, तर तिथे स्वतःच्या पायावर उभा राहिलेलाच माणूस हवा. आणि पोरगा घेतलाच, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसणार हेही त्याच दिवशी ठरवायला हवं. पैसा उरला तर नाही, आधी.

तो म्हणाला, "मामा, सगळे म्हणतात आपल्याला एक जो ब्रेडी हवा."

मी म्हटलं, "आणि एन्समिंगर?"

"ते कोण?"